कलम चौदा आणि तलावाची चावी

तेहतीस वर्षं मी भूमी अभिलेख खात्यात लोकांच्या जमिनी मोजल्या. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. माणूस मोजणी मागतो ती अंतर कळावं म्हणून नाही. उत्तर त्याच्या मनात आधीच ठरलेलं असतं, त्याला खाली फक्त सही हवी असते. निवृत्त होऊन सावरबांधला घरी आलो तेव्हा वाटलं, चला, सुटलो. पण गावात मोजणीदाराला सुट्टी नसते. कोणाचा धुरा सरकला, कोणाचं कुंपण पुढे आलं, की आले दारात. 'काकाजी, जरा पाहून देता काय?'

योगराजही तसाच आला. त्याची गोष्ट सांगतो, कारण त्यात थोडा दोष माझाही आहे आणि तो मी लपवणार नाही. एकदा लपवून पाहिलाय.

योगराज अकरा वर्षं विनाअनुदानित शाळेत गणित शिकवत होता. विनाअनुदानित म्हणजे काय हे आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. हजेरीपटावर सही रोज, पगार अनुदान आल्यावर. अनुदान काही आलं नाही. पोरगा पीयूष पाचवीत गेला तेव्हा योगराजनं खडू खाली ठेवला आणि 'शाही हंडा बिर्याणी' या कंपनीची शाखा घेतली. कंपनी पुण्याची. हायवेवर आमच्या गावाचा फाटा आहे, तिथे त्यानं दुकान टाकलं. लाल-सोनेरी पाटी, आत एसी, भिंतीवर मिशा पिळणारा नवाब. गोंदियाहून आमच्याकडच्या प्रतापगडला दर्ग्यावर, किल्ल्यावर जाणाऱ्या गाड्या तिथूनच जातात. रविवारी बसायला जागा मिळत नसे.

बिर्याणीचा तांदूळ मात्र पुण्याहून पोत्यात यायचा. दुसरा तांदूळ वापरला तर दंड, असं करारात होतं. दुकानाच्या मागे पन्नास पावलांवर योगराजच्या वडिलांचं वावर, त्यात चिन्नोर तांदूळ पिकतो, शिजायला लागला की शेजारच्या घरी वास जातो. वडील सेवकरामभाऊ उद्घाटनाला आले, पोतं हातानं चाचपून पाहिलं आणि म्हणाले, "आता धानाच्या गावात तांदूळही पार्सलनं येते म्हना." योगराजनं ऐकलं न ऐकलं केलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा लोक त्याला शेठ म्हणू लागले होते. त्याची बायको पुष्पांजली पहिल्यांदा माहेरी ताठ मानेनं गेली होती. त्या माणसाला तांदळाचं काय सांगायचं?

आता तलाव. आमच्या गावचा तलाव माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारी काळातला, सगळे त्याला मामा तलाव म्हणतात. तो बांधला तलाव बांधण्यात नावाजलेल्या कोहळी समाजानं, सेवकरामभाऊंच्या पूर्वजांनी. पाळीखाली, म्हणजे तलावाच्या बांधाखाली, पाणी सोडायचं लोखंडी दार आहे आणि ते फिरवायला हातभर लांब चावी लागते. ती चावी सात पिढ्या त्यांच्याच घरात. या घराण्याचा एक नेम होता. ज्याच्या घरी चावी, त्याचं वावर शेवटी भिजणार. सेवकरामभाऊंची धानाची बांधी थेट पाळीला लागून, नहरीवर म्हणजे पाटावर पहिली. तरी पाणी तिच्या अंगावरून पुढे जायचं, पार टोकाला पोचायचं, आणि सगळ्यांचं झालं की मग सेवकरामभाऊ आपल्या बांधीचं तोंड फोडायचे. दुष्काळात कितीदा त्यांचंच धान वाळलं. पण गावात त्यांच्या शब्दावर शब्द कोणी टाकत नसे, ते याच नेमामुळे. गेली दोन वर्षं त्यांचे गुडघे गेले होते, म्हणून दार योगराज फिरवत होता.

आणि आता कलम चौदा. त्यात लिहिलं होतं की शाखेपासून तीन किलोमीटरच्या आत कंपनी दुसऱ्या कोणाला शाखा देणार नाही. नागपूरच्या एका हॉटेलात करारावर सह्या होत होत्या. कंपनीचा एरिया मॅनेजर धर्मेंद्र पानं उलटवत होता, हा सह्या ठोकत होता. चौदाव्या कलमाशी योगराज थांबला. गणिताचा मास्तर ना! त्यानं विचारलं, "तीन किलोमीटर म्हणजे सरळ रेषेत, का रस्त्यानं?"

"सर, कंपनी तो सीधी लाइन पकडती है," धर्मेंद्र म्हणाला.

योगराजनं मनात हिशोब केला. रस्ता वळणावळणाचा असतो, म्हणजे रस्त्याचं अंतर सरळ रेषेपेक्षा नेहमी जास्त. जास्त म्हणजे आपला फायदा. त्यानं हट्टानं समासात लिहून घेतलं, 'अंतर चारचाकी जाऊ शकेल अशा सर्वांत जवळच्या रस्त्याने मोजण्यात येईल.' धर्मेंद्रनं एक शब्द न बोलता सही केली. इतक्या चटकन सही करणारा माणूस पाहून तरी योगराजला शंका यायला हवी होती.

त्यानं घरी येऊन मला ते कौतुकानं दाखवलं. मी पाहताक्षणी ओळखलं की पोरानं उलटं केलंय. सरळ रेषेत तीन किलोमीटर म्हणजे भोवतालचा अख्खा गोल तुझा. रस्त्यानं तीन म्हणजे जिथे रस्ता फिरून जातो तिथली जमीन तुझ्या हातून गेली. पण मला कोणी विचारलं नव्हतं, आणि त्याच्या तोंडावरचा आनंद पाहून मी म्हटलं, जाऊ दे. गावात कोण दुसरी बिर्याणी टाकणार आहे?

टाकली. रत्नपालनं टाकली.

रत्नपाल योगराजचाच वर्गमित्र. त्याच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि पुढे दोन वर्षांनी नहरीच्या शेवटच्या टोकाला एक एकर घेतली. मागच्या टोकाची जमीन स्वस्त असते, कारण तिथे पाणी पोचतं ते उरलं तर. रत्नपालनं तिरोड्याला कॅन्टीनमध्ये बारा वर्षं भांडी घासण्यापासून आचारी होण्यापर्यंत सगळं केलं. मग बायको खुशबूला घेऊन परत आला आणि तलावाच्या पलीकडे, केसलटोल्याला, 'शाही हंडा'ची शाखा घेतली. तोच नवाब, त्याच मिशा. त्या बाजूनं प्रतापगडचा रस्ता जवळ, आणि दुकानासमोर तलावाचं पाणी. लोक जेवून पाण्याकाठी फोटो काढायचे. खुशबू गल्ल्यावर बसायची आणि एकदा आलेल्या माणसाचं नाव विसरायची नाही. दोन महिन्यांत योगराजच्या दुकानात रविवारीही खुर्च्या रिकाम्या दिसू लागल्या.

योगराज करार घेऊन धावत माझ्याकडे आला. "काकाजी, हे पलीकडे दिसून राहिलं ना! माझ्या दारातून त्याची पाटी दिसते. आणि कंपनी म्हनते सहा किलोमीटर!"

"रस्त्यानं सहाच आहे," मी म्हटलं. "सांडव्याच्या पुलावरून फिरून जावं लागते. पाळीवरून गाडी जात नाही."

"सरळ रेषेत?"

"दोन पूर्णांक एक."

तो कराराचं पान उलटून पाहू लागला. मग हळूच म्हणाला, "समासात मीच लिवलं होतं, नाही काय?" मला त्याची कीव आली. बाहेर पुष्पांजली गाडीवर बसून वाट पाहत होती. आत येऊन बसायलाही तिला लाज वाटत असावी. त्या कीवेच्या भरात मी कपाट उघडलं आणि गावाचा जुना नकाशा काढला. त्यात तलावाच्या उथळ भागातून जाणारी एक तुटक रेघ आहे. ती पांदण, म्हणजे बैलगाडीची वाट. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की मुरमाचा एक कडक पट्टा उघडा पडतो आणि एप्रिलच्या अखेरीपासून पावसापर्यंत लोक त्यावरून गाड्या नेतात. आमच्या लहानपणी वरातीसुद्धा त्यावरून जायच्या.

"हा रस्ताच आहे," मी म्हटलं. "सरकारी नकाशातला. फाट्यापासून केसलटोल्यापर्यंत दोन पूर्णांक चार."

योगराजनं नकाशा दोन्ही हातांनी धरला. असा आनंद मी त्याच्या तोंडावर दुसऱ्यांदा पाहत होतो. पहिल्यांदाही मी गप्पच बसलो होतो.

त्यानं नकाशाची नक्कल कंपनीला पाठवली. पुण्याच्या कायदा विभागातल्या माणसानं आमचा तलाव कधी पाहिलेला नव्हता, त्यामुळे त्याचं उत्तर फारच सरळ आलं. केवळ नकाशा पुरेसा नाही. आमचा प्रतिनिधी १ मार्च रोजी स्वतः चारचाकीने सदर मार्गाची पाहणी करेल. त्या दिवशी वाहन जाऊ शकल्यास मार्ग अस्तित्वात असल्याचे मानून पुढील निर्णय घेण्यात येईल.

एक मार्च! आमची पांदण उघडी पडायला अजून दोन महिने. मार्चमध्ये तिच्यावर पुरुषभर पाणी असतं, कारण त्याच पाण्यावर गावाचं उन्हाळी धान उभं असतं. मी म्हटलं, "लिहून कळव, तारीख पुढे ढकला म्हणावं." योगराजनं तीन मेल केले. तिन्हींना एकच उत्तर आलं, की आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे.

जानेवारीत उन्हाळी धानाची रोवणी झाली. पाणी समितीनं ठरवलं होतं की आठवड्यातून दोन दिवस दार उघडायचं. योगराज ते चार दिवस उघडू लागला. मग रोज. चोरून नाही, दिवसाढवळ्या. कोणी विचारलंच तर म्हणायचा, "ऊन तापून राहिलं. पिकाले पानी नको काय?" शेतकऱ्याला जास्तीच्या पाण्याची तक्रार करायची सवयच नाही. लोक खूश. बांध्या काठोकाठ भरून पाणी नाल्याला जाऊ लागलं, तरी खूश. सेवकरामभाऊ घरात खाटेवर बसून असायचे. त्यांनी एकदा मुलाला विचारलं, "नहर दिवसभर वाजून राहिली, काऊन गा?"

"खालच्या लोकायले पानी देऊन राहिलो, बाबूजी. टोकापर्यंत पोचलं पायजे."

"बरं केलं," म्हातारा म्हणाला. आणि माझ्याकडे वळून अभिमानानं म्हणाला, "शालीकराम, पोरगा शिकला." मी चहाच्या कपात पाहत बसलो.

सगळ्या गावात शंका आली ती एकट्या रत्नपालला. त्याचं कारण ऐका. एके दुपारी तो योगराजच्या दुकानात आला. मी तिथेच होतो. दोघं एकमेकांशी दुकान निघाल्यापासून बोलत नव्हते. पाहणीचं पत्र कंपनीनं त्यालाही पाठवलं होतं. रत्नपाल उभ्यानंच म्हणाला, "योग्या, माझ्या बांधीत पानी पोचून राहिलं."

"मंग?"

"रोज पोचून राहिलं. घोट्याच्या वर. आजोबापासून एवढं कधी पोचलं नाही. म्हनजे वर काहीतरी गडबड हाये."

योगराज हसला. "अजब मानूस हायेस. नाही भेटलं तरी रडनं, भेटलं तरी रडनं."

"मी रडून नाही राहिलो. मोजून राहिलो. असंच चाललं तर होळीच्या आधी तलाव खाली. मंग निसवताना धानाले काय पाजशील, बिर्यानी?"

"तुले धानाची फिकीर हाये का दुकानाची?"

रत्नपाल जायला वळला. तिथेच त्याची अडचण होती. तो समितीकडे गेला असता तर लोक म्हणाले असते, दुकान वाचवायला आला. बाहेर पडताना तो माझ्याजवळ थांबला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "काकाजी, नकाशा तुमीच देला ना?" मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तेहतीस वर्षांच्या नोकरीत ही कला मला चांगली साधली होती. मी तेव्हाच सेवकरामभाऊंच्या घरी जायला हवं होतं. नाही गेलो. नकाशाची गोष्ट निघाली असती, याची भीती वाटली. दुसरं काही कारण नाही.

फेब्रुवारी संपता संपता पांदण उघडी पडली. तिच्यावरचा चिखल योगराजनं दोन ट्रॉली मुरूम टाकून झाकला. एक मार्चला सकाळी दहा वाजता धर्मेंद्र पांढरी गाडी घेऊन आला. अख्खं गाव पाळीवर जमलं होतं. काय चाललंय ते अर्ध्या लोकांना अजून नीट माहीत नव्हतं. कोणी म्हणत होतं सरकारी पूल होणार, कोणी म्हणत होतं शूटिंग आहे. धर्मेंद्रनं योगराजच्या दुकानासमोर मीटर शून्यावर आणला आणि गाडी तलावात घातली. दोन ठिकाणी चाकं घसरली, एकदा खालून दगड लागला, पण गाडी गेली. केसलटोल्याला रत्नपालच्या दारात जाऊन उभी राहिली. दोन पूर्णांक चार. माझ्या नकाशाशी दशांशाचाही फरक नाही. खरं सांगतो, त्या क्षणी मला बरं वाटलं. माझी मोजणी बरोबर निघाली होती.

योगराजनं पाळीवर पेढे वाटले. पुष्पांजलीनं मात्र पेढा घेतला नाही. ती तलावाकडे पाहत होती. मध्यभागी डबकी उरली होती आणि त्यांच्यावर बगळे तुटून पडले होते. ती म्हणाली, "अवो, पीयूषचे बाबा, आता धानाले पानी कोठून द्यायचं?"

"पाऊस येते एखादा मार्चमंधी," योगराज म्हणाला.

पाऊस आला नाही. बारा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. योगराजनं ते माझ्यासमोर फोडलं. पत्रात त्याचं अभिनंदन होतं. आपण दाखवून दिल्याप्रमाणे दोन्ही शाखा तीन किलोमीटरच्या आत असल्याचे सिद्ध झाले आहे. सबब कलम बावीस लागू होते. प्रतिबंधित अंतरात दोन शाखा आढळल्यास, मागील सहा महिन्यांत ज्या शाखेची विक्री कमी असेल ती शाखा बंद करण्यात येईल.

कलम बावीस त्यानं वाचलेलंच नव्हतं. त्याचं सगळं लक्ष चौदावर. मी करार उघडून पाहिला, तर पान एकोणीसवर अगदी स्वच्छ छापलेलं होतं आणि खाली योगराजची सही होती. सहा महिन्यांत कोणाची विक्री कमी, हे मोजायला मोजणीदाराची गरज नव्हती. योगराजनं पत्र घडी करून खिशात घातलं, पुन्हा काढलं, पुन्हा वाचलं. "काकाजी, म्हनजे मीच सिद्ध केलं?" तो म्हणाला आणि माझ्या ओसरीवर लहान पोरासारखा रडला. मला त्याचा राग आला होता, पण त्या रडण्यापुढे तो टिकला नाही.

त्याच आठवड्यात धान निसवायला आलं. लोंबी बाहेर पडते तेव्हा पिकाला पाणी पाहिजेच, तेव्हा चुकलं तर दाणा भरत नाही. लोक योगराजकडे आले, दार उघड म्हणाले. त्यानं चावी लावली, फिरवली, पूर्ण फिरवली. नहरीत थोडा गाळ आला आणि थांबला. बातमी घरापर्यंत गेली आणि सेवकरामभाऊ काठी टेकत स्वतः पाळीवर आले. दोन वर्षांत पहिल्यांदा. तलावाकडे त्यांनी किती वेळ पाहिलं मला सांगता येणार नाही. त्यांनी मुलाला शिवी दिली नाही, मारलं नाही. एवढंच म्हणाले, "उद्या सभा बोलाव."

सभा पाळीवरच भरली. धान तोपर्यंत पिवळं पडायला लागलं होतं आणि लोक चिडून होते. योगराज मान खाली घालून बसला होता. मी उठलो. सगळं सांगितलं. नकाशा मी दिला. दार कशासाठी उघडं होतं ते मला माहीत होतं. आणि रत्नपाल जानेवारीतच सांगायला आला होता तेही सांगितलं. लोकांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही, पण ऐकून घेण्यासारखंच होतं.

मग सेवकरामभाऊंनी धोतराच्या घोळात गुंडाळलेली चावी काढली आणि सभेच्या मधोमध मातीवर ठेवली.

"सात पिढ्या झाल्या," ते म्हणाले. "आता आमच्या घरी नको."

आदल्या दिवशी शिव्या देणारेही गडबडले. कोणी म्हणालं, समितीच्या कपाटात ठेवू. कोणी म्हणालं, ग्रामपंचायतीला देऊ. सेवकरामभाऊंनी हात वर केला. "साऱ्या गावाले जास्तीचं पानी भेटलं आणि सारं गाव खूश होतं. मीही खूश होतो. एकच मानूस जास्तीचं पानी पाहून भेला. चावी त्यालेच द्या."

सगळ्यांच्या माना रत्नपालकडे वळल्या. तो सभेच्या कडेला, त्याचे बापजादे बसत आले तिथेच बसला होता. मागच्या रांगेत कुजबूज झाली. काय कुजबूज झाली असेल ते तुम्हाला कळतं, मला सांगायला लावू नका. पण सेवकरामभाऊ अजून हात वर करूनच बसले होते आणि त्यांच्यासमोर ती कुजबूज मोठी झाली नाही.

रत्नपाल उठला नाही. बसूनच म्हणाला, "चावीसोबत तो नेमही येते ना? ज्याच्या घरी चावी, त्याचं वावर शेवटी?"

"येते," सेवकरामभाऊ म्हणाले.

"मंग चालते. आमचं वावर तसंही शेवटीच हाये."

दोन-चार जण हसले. हसून झाल्यावर खाली पाहू लागले. रत्नपालनं येऊन चावी उचलली.

योगराजच्या दुकानाची पाटी कंपनीची माणसं एप्रिलमध्ये काढून घेऊन गेली, नवाबासकट. करारानुसार त्याला वर्षभर तीन किलोमीटरच्या आत खाण्याचा कुठलाही धंदा करता येणार नव्हता. अंतर अर्थातच रस्त्यानं. जूनमध्ये तो परत शाळेत गेला. शाळेनं आनंदानं घेतलं, बिनपगारी मास्तर कोणाला नको असतो? रत्नपालचं दुकान चालू राहिलं, पण त्याच्या एकरातलं धानही बाकीच्यांसारखंच वाळलं होतं. त्याबद्दल तो योगराजला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं योगराज मला म्हणाला.

पाऊस चांगला झाला. तलाव भरला, पांदण पाण्याखाली गेली, दोन दुकानांमधलं अंतर पुन्हा सहा किलोमीटर झालं. त्यातलं एक दुकान आता नव्हतं. मग ऑगस्टमध्ये, रोवणी होऊन पंधरा दिवस झाले असतील, पावसानं दडी मारली. लोक म्हणाले, दार उघडा.

नव्या चावीवाल्याच्या हातून पहिलं पाणी सुटायचं म्हणून सगळे नहरीवर आले. सेवकरामभाऊ आपल्या बांधीच्या धुऱ्यावर बसले होते. योगराज फावडं घेऊन बांधीच्या तोंडाशी उभा होता, नेमाप्रमाणे, पाणी पुढे जाईपर्यंत तोंड बंद ठेवायला. रत्नपालनं दाराला चावी लावली आणि ओरडून सांगितलं, "योगराज, तोंड फोड. पहिला नंबर तुमचा."

योगराजला आधी कळलंच नाही. मग कळलं. चावी गेली, तसा नेमही गेला. आता त्यांची बांधी इतर कोणाहीसारखी नहरीवरची पहिली बांधी होती आणि पहिल्या बांधीत पाणी पहिल्यांदा जातं. आपलं पाणी खोळंबलं म्हणून लोक योगराजकडे पाहत होते. तो फावडं टाकून पाळीवर चढला. गणिताचा मास्तर, कधी कोणापुढे हात न जोडणारा, रत्नपालपुढे हात जोडून उभा राहिला.

"रत्नपाल, बाबूजी बसले हायेत खाली. त्यायच्यासाठी तरी. आमचं शेवटी दे."

रत्नपालनं खाली, म्हाताऱ्याकडे पाहिलं. त्यालाही वाईट वाटलं, हे मी जवळून पाहिलं. पण चावी त्यानं सोडली नाही.

"शेवटचा नंबर आता माझा हाये, योग्या," तो म्हणाला. "तो कसा देऊ?"

आणि त्यानं दार फिरवलं. पाणी नहरीत उतरलं. बांधीचं तोंड कोणीतरी फोडून दिलं होतं, त्यातून ते आत शिरलं आणि धुऱ्याच्या कडेनं पुढे सरकू लागलं. सेवकरामभाऊंनी दोन्ही पाय वर ओढून घेतले आणि बांधी भरेपर्यंत तोंड तलावाकडे फिरवून बसले.